कच्ची आवृत्ती

स्टॅनवुड, ६ ऑक्टोबर

प्रिय नेल्स,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. घरचा पत्ता माझ्याकडे आहे तो जुना की नवा ते माहीत नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. कुणी दुसऱ्याने फोडलं तर फोडू दे. चोरून वाचावं असं यात काही नाही.

तुमची नवी ऑपरेटिंग सिस्टिम आज मी घरच्या कॉम्प्युटरवर घातली. दुकानात पुढे येईल ती नव्हे. ती पुरी व्हायच्या आधी लोकांनी वापरून बघावी म्हणून तुम्ही फुकट वाटता ती, कच्ची. काल प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीला बसलो होतो, तेव्हा बेव्हर्ली आउनेने विषय काढला. तिचा जावई डेल तुमच्याच कंपनीत आहे, हे ती आपल्याला विसरू देत नाही.

"माझ्याकडे चालू झाली," ती म्हणाली. "आमच्या डेलने त्यातली छपाईची बाजू केली आहे. तुझ्या नेल्सचं काय आहे गं त्यात?"

मला माहीत नव्हतं. त्या टेबलाभोवती प्रत्येकीच्या घरचं कुणी ना कुणी तिकडे, सरोवरापलीकडे, नोकरीला आहे. मागे डेलचं काम बाहेर आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या घरी घातलं होतं. कुणी लेफ्सा, त्या बटाट्याच्या पोळ्या, भाजून आणल्या की प्रत्येकीने एक उचलायची, तसं. आवड-नावड नंतर. न उचलणं बरं दिसत नाही.

"नेल्सचंही आहे त्यात," मी म्हटलं. "मी उद्या घालणारच आहे."

मग घालणं आलं.

कॉम्प्युटर घरात एकच आहे, चर्चने बाबांना वापरायला दिलेला. त्यांच्याबद्दल तुझ्या फोनवर निरोप ठेवला होता. ऐकलास की नाही कळलं नाही, म्हणून थोडक्यात पुन्हा सांगते. आजार स्नायूंचा आहे आणि मागे फिरणारा नाही. आधी हात गेले, मग पाय. वसंतात जीभ जड झाली, आता आवाज नाही. उजवा अंगठा हलतो. डोकं शाबूत आहे, आधी होतं तेवढं. जीभ चालत होती तोवर हॉस्पिटलची ग्वेन घरी येऊन त्यांच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायची आणि साठवायची. ती या कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्राममध्ये आहेत. पडद्यावर वाक्यं एकामागून एक उजळतात. हवं ते आलं की बाबा अंगठ्याखालचं बटण दाबतात आणि खोलीत बाबांचा आवाज येतो. आधी खाकरतात, मग बोलतात. खाकरणंही ग्वेनने राहू दिलं आहे.

घालताना एक सूचना आली होती. रोज ज्याच्यावाचून अडतं त्या कॉम्प्युटरवर ही घालू नका. मी बेव्हर्लीला फोन करून विचारलं.

"ते सगळ्यावरच लिहितात," ती म्हणाली. "खोकल्याच्या औषधावर नाही का लिहीत, गाडी चालवू नका म्हणून? आणि आपण चालवतोच."

आता सगळं बसलं आहे. पडदा स्वच्छ दिसतो. खालच्या पट्टीत एक भिंग आहे, शोधायचं. ते तुझं का? रंग चांगला आहे. बाबा दुपारचे झोपले आहेत. उठले की दाखवीन. कुणी केलं ते आधी नाही सांगणार. आवडलं तर मग सांगीन.

तुझी
आई


स्टॅनवुड, ९ ऑक्टोबर

प्रिय नेल्स,

मागचं पत्र पोचलं असेल. नसेल तर हे आधी वाच.

बाबांचा प्रोग्राम उघडत नाही. उघडायला गेलं की एक चौकट येते: हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालत नाही. तिच्याखाली एकच बटण आहे, 'ठीक आहे'. दुसरं बटण नाही.

त्या दिवशी ते उठले, मी त्यांच्या अंगठ्याखाली बटण सरकवलं. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मला वाटलं वायर सुटली, म्हणून मी वाकून वायर बघत होते आणि ते वरून दाबतच होते. मी डोकं वर केलं तेव्हा ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ग्वेन आली. अंगावरचा रेनकोट न काढताच तिने कॉम्प्युटर बघितला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

मी सांगितलं. चर्चमधली कॉफीही सांगितली.

"मिसेस हॅगेन," ती म्हणाली, "मुलाने केलंय म्हणून तुम्ही ते नवऱ्याच्या तोंडात घातलंत?"

मग तिने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत बसली. तिचा तो दिवस आमच्यासाठी नव्हता, तरी बसली. ती काय म्हणाली ते तुला तुझ्या भाषेत समजेल, मी माझ्या भाषेत लिहिते. प्रोग्राम बनवणारी मिनेसोटाची छोटी कंपनी होती, ती बंद झाली. तो पुन्हा नव्याने घालता येणार नाही. वाक्यं अजून आत आहेत, पण ती त्याच प्रोग्रामला उघडता येतात. जुन्या सिस्टिमवर परत जायची वाट होती. ती मी बंद केली. शेवटी विचारलं होतं, जुन्या फायली जागा अडवताहेत, काढून टाकू का. मी हो म्हटलं. मला काय ठाऊक. अडगळ ठेवायची सवय नाही मला. आता परत जायचं म्हणजे सगळं पुसायचं, आणि सगळ्यात वाक्यंही आली.

ग्वेनने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली आहेत. मी एकेका अक्षरावर बोट नेते. हवं ते आलं की बाबा भुवया उचलतात. अंगठ्यापेक्षा भुवया बऱ्या, ग्वेन म्हणाली, त्या शेवटपर्यंत राहतात. पहिला शब्द जुळायला बराच वेळ लागला. 'कॉफी'. मी उठायला लागले, तर त्यांनी डोळ्यांनी बसवलं. पुढचा शब्द: 'गार'. म्हणजे ते वाक्य. प्रोग्राममध्ये पहिल्या जागेवर तेच होतं: म्हातारे, कॉफी गार झाली. मी हसले. ग्वेनला काय झालं ते कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी 'कुणी' असं जुळवलं. मी म्हटलं, आपोआप झालं, हल्ली ही यंत्रं आपोआप बदलतात. त्यांनी भुवया उचलल्या नाहीत.

तुमच्या सिस्टिममध्ये तक्रारीची जागा आहे, तिथेही लिहिलं. एक हसरा चेहरा असतो, एक रडका. रडका दाबला. त्याने विचारलं, तुम्ही काय करायचा प्रयत्न करत होता? मी लिहिलं, नवऱ्याशी बोलायचा. लगेच उत्तर आलं, तुमच्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत.

तुला यातलं समजतं. एक ओळ पुरे. कुठे दाबायचं तेवढं सांग.

आई


स्टॅनवुड, २४ ऑक्टोबर

प्रिय नेल्स,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं असलं तरी खाली सही तुझी आहे, 'एन'चा पाय लांब ओढलेला. शाळेतही बाई त्याबद्दल बोलायच्या.

तू लिहितोस, एकुलत्या कॉम्प्युटरवर कच्ची आवृत्ती घालायची नसते आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. असतं. तू लिहितोस, आवाजाचा भाग तुझ्याकडे नाही, तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे. आणि हेही लिहिलंस की तुझ्याकडे कॉम्प्युटर झोपतो आणि उठतो तो भाग आहे. ते तू लिहायला नको होतंस, मी विचारलं होतं म्हणून लिहिलंस. मी आता झाकण लावते आणि पुन्हा उघडते तेव्हा बघत असते. लगेच उठतो. बेव्हर्लीला सांगितलं. ती म्हणाली, "तो भाग महत्त्वाचा असतो." तिच्याकडून हे खूप आहे.

लिफाफ्यावर कंपनीची खूण होती. बाबांना ती खिडकीजवळच्या खुर्चीतूनही दिसली. त्यांनी पुठ्ठ्याकडे डोळे नेले. 'नेल्स'. मग मला सगळं सांगावं लागलं. सिस्टिम तुझ्याकडची आहे, मी हौसेने घातली, आपोआप काही झालं नाही. सांगताना मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट करत होते. ते नीटच होतं.

त्यांनी बराच वेळ खाडीकडे बघितलं. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. मग त्यांनी जुळवायला घेतलं आणि मी अक्षरं कागदावर उतरत गेले. 'नवी बोट. पहिल्या दिवशी. गळते.' मी थांबले. त्यांना पुढे जायचं होतं. 'फळ्या फुगू दे.'

लाकडी बोट पहिल्यांदा पाण्यात सोडली की गळते आणि फळ्यांनी पाणी प्यायलं की फटी आपल्या आपण बुजतात, हे तुला मी सांगायला नको. 'सिग्ने' गळत होती तेव्हा तू डबा घेऊन आत बसला होतास. मला एवढंच सांगायचं आहे की ते रागावले नाहीत. तुझ्यावर तर नाहीतच. रागावण्याइतकी अक्षरंही परवडत नाहीत आता. पूर्वी चिडले की सबंध जेवणभर बोलायचे, तुला आठवत असेल.

तुझ्या लग्नाबद्दल आपण कधी बोललो नाही. सरकारने त्याच दिवशी मासेमारीला पाणी खुलं केलं आणि बाबा बोट घेऊन गेले. त्या मोसमात सामन माशांसाठी पाणी किती वेळा खुलं झालं ते तुलाही ठाऊक आहे. आपल्याकडे लोक बापाच्या प्रेताला थांबवून ठेवतात आणि जाळं टाकून येतात, हेही ठाऊक आहे. तू म्हणालास, कॉराच्या घरच्यांना मी हे कसं समजावू. मी निळा पोशाख घालून एकटी पहिल्या रांगेत बसले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, ते पाण्यावर आहेत. तिकडच्या लोकांना वाटलं फिरायला गेलेत.

त्या दिवशी जाळ्यात फारसं काही आलं नाही. तुझ्या लग्नाच्या वेळेला त्यांनी जाळं वर ओढून घेतलं होतं आणि बोट तशीच प्रवाहात सोडून दिली होती. शेजारच्या बोटीवरच्या आर्नीने मला नंतर सांगितलं. त्याने आवाज दिला होता, "हॅल्वर, यंत्र बिघडलं का?" तर यांनी नुसता हात हलवला. हे बाबांनी तुला सांगायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं. पण तू फोन उचलणं बंद केलंस आणि मग तसंच राहिलं.

संबंधित लोक कोण आहेत, त्यांची नावं कळव. मी त्यांना वेगळं लिहीन.

आई


स्टॅनवुड, १६ नोव्हेंबर

प्रिय नेल्स,

आज प्रार्थनेला गेले नाही. बाबांना एकटं ठेवता येत नाही. बेव्हर्ली येऊन गेली, सूप ठेवून गेली. ती दारातून बाहेर पडत होती तेव्हा बाबांनी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि जुळवलं, 'गेली का'. हेही त्यातलंच वाक्य. प्रोग्राम चालू होता तेव्हा एकदा ते बेव्हर्ली खोलीत असतानाच वाजलं होतं, 'बेव्हर्ली गेली का?', मोठ्याने, त्यांच्याच आवाजात. ती म्हणाली, "नाही हॅल्वर, अजून केक राहिलाय." बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसणं तेव्हा येत होतं.

त्यांनी स्वतः निवडलेली वाक्यं सगळी अशीच. म्हातारे, कॉफी गार झाली. खिडकीतून बाजूला हो, पाणी दिसत नाही. पाय वर घे. हवामान लाव. ग्वेन सांगायची, काहीतरी मायेचंही सांगून ठेवा, मिस्टर हॅगेन, लोक ठेवतात. ते म्हणायचे, "एवढी वर्षं नाही बोललो, आता यंत्रातून बोललो तर ती डॉक्टरला बोलावेल." बोलावलंच असतं.

एक वाक्य मात्र त्यांनी मला बाहेर काढून भरलं. मे महिन्यात. जीभ तेव्हा पार अडखळायला लागली होती. मला म्हणाले, जाळ्यांच्या खोलीत पितळी कंदील आहे तो आण. तो कंदील आपण बोटीबरोबरच विकला, हे त्यांनाही माहीत होतं. मी गेले आणि जाळ्यांमध्ये उभी राहिले, ग्वेनने हाक मारीपर्यंत. कंदील नाही मिळाला म्हटलं. ते म्हणाले, "असू दे."

परवा मी विचारलं, नेल्सला फोन लावू का? मी धरते कानाशी. तो नाही उचलणार बहुतेक, पण लावू?

त्यांनी भुवया उचलल्या. लगेच. मी फोन घ्यायला वळले, तर त्यांचे डोळे पुठ्ठ्याकडे. मी बसले, बोट फिरवायला लागले.

'कशाने बोलू.'

मी म्हटलं, तुम्ही जुळवा, मी मोठ्याने वाचते, त्याला ऐकू जाईल. त्यांनी डोळे मिटून घेतले. नको म्हणायची ती त्यांची रीत आहे. मग पुन्हा उघडले आणि दोनच शब्द जुळवले. 'माझा आवाज.'

ग्वेनला सांगितलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "मे महिन्यातलं ते फोनसाठी होतं, मिसेस हॅगेन. काय होतं ते मी नाही सांगणार, ते त्यांचं आहे. पण फोनसाठी होतं. धीर होईल तेव्हा करीन म्हणाले होते."

म्हणजे सबंध उन्हाळा त्यांना धीर होत नव्हता आणि धीर झाला तेव्हा मी ते बंद करून ठेवलं होतं.

तू लिहिलं होतंस त्या संबंधितांना सांग, जरा घाई आहे. श्वास आता वरवरचा झाला आहे. ग्वेन दिवसाआड येत होती, आता रोज येते. यापेक्षा स्पष्ट लिहवत नाही.

आणि ते जमणार नसेल तर तू ये. आवाज लागत नाही. त्यांना ऐकू येतं, तू बोल, ते भुवया उचलतील.

आई


स्टॅनवुड, २ डिसेंबर

प्रिय नेल्स,

तू आलास ते मी पाहिलं. मागच्या बाकावर, खांबाच्या बाजूला, करडा कोट. कॉरा नव्हती. पुढे बसलेल्यांना वळून बघता येत नाही, पण स्तोत्र म्हणायला उभं राहिलं की पुस्तक उंच धरून बाजूने दिसतं.

तुझ्या बाबांच्या नावाआधी पाद्रींनी बोटीचं नाव वाचलं. आपल्याकडे तसंच वाचतात. 'सिग्ने', आणि मग हॅल्वर हॅगेन. मी खांबाकडे बघत होते. तू मान खाली घातलीस.

कॉफीला थांबला नाहीस. तळघरात हॅमची सँडविच होती, बेव्हर्लीने केली होती. सगळे खाली येईपर्यंत मी दरवाजाकडे तोंड करून बसले.

"मागे तो नेल्स होता ना?" बेव्हर्ली म्हणाली.

"हो."

"थांबला नाही?"

"काम असेल."

"आजच्या दिवशी?"

"तो झोपायचं आणि उठायचं बघतो," मी म्हटलं. "ते कुठल्याही दिवशी असतं."

तिने माझ्या बशीत आणखी एक सँडविच ठेवलं. तिला मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि आता ती रोज संध्याकाळी येते आणि मुद्दाम उशिरापर्यंत बसते.

शेवटचं तुला कळायला हवं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, सकाळी. वारा होता. हवामान लावलं होतं, रेडिओवर लाटांची उंची सांगत होते, ते ऐकत होते. मी पुठ्ठा घेऊन बसले होते. त्यांनी मला खिडकीतून बाजूला व्हायला सांगितलं. अक्षरांनी नाही, डोळ्यांनी. मी झाले. पाणी दिसायला लागलं. थोड्या वेळाने मी वळून बघितलं.

फोनबद्दल पुन्हा काही नाही म्हणाले. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, तुला काय वाटतं?

कॉम्प्युटर तसाच चालू आहे. ग्वेन म्हणाली, आता पुसून टाकून चर्चला परत द्या, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. मी हो म्हटलं आहे. दिलेला नाही.

आई


स्टॅनवुड, २५ जानेवारी

प्रिय नेल्स,

तुमची सिस्टिम पुढची आवृत्ती आली आहे म्हणून सारखी विचारायची, आणि मी दर वेळी 'नंतर' दाबायचे. मागे हो म्हटलं त्याचं काय झालं ते मला आठवत होतं. आज मी चर्चला गेले असताना तिने स्वतःच घालून घेतली. आता खरंच आपोआप झालं.

परत आले तर पडदा नवा होता. भिंगाची जागा बदलली होती. मी कोट काढला, कॉफी ठेवली आणि दररोज दाबते तसं बाबांच्या प्रोग्रामवर दाबलं. चौकट यायची वाट बघत होते. चौकट आली नाही. वाक्यं उजळायला लागली.

काय काय दुरुस्त केलं त्याची लांबलचक यादी सिस्टिमबरोबर येते. मी ती सगळी वाचली, चष्मा पुसून. खाली एका ओळीत लिहिलं आहे: बोलण्यास मदत करणारे काही जुने प्रोग्राम उघडत नव्हते, ते आता उघडतात. कुणी केलं ते लिहिलेलं नाही. बोट दुरुस्त करणारेही नाव घालत नाहीत. त्यांचं काम ओळखायचं असतं. हा भाग तुझ्याकडे नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून विचारत नाही.

बेव्हर्ली म्हणते, कच्च्या आवृत्तीला मुदत असते. एप्रिलात ही बंद पडेल आणि पुढची घ्यावीच लागेल. पुढचीत हे उघडेल का ते डेललाही सांगता येत नाही. आवाज यंत्रातून काढून वेगळा ठेवता येतो का, ते तू येऊन बघावंस असं मला वाटतं. नाही आलास तरी समजू शकते.

मी बटण स्वतःच्या अंगठ्याखाली घेतलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. तिथून पाणी खरंच चांगलं दिसतं. मी उगाच मध्ये उभी राहायचे. पहिलं वाक्य दाबलं. खाकरले, आणि म्हणाले, म्हातारे, कॉफी गार झाली. मी उठून बघितलं, झाली होती.

शेवटच्या जागेवर ते मे महिन्यातलं आहे. जीभ जड, एकेक शब्द ढकलल्यासारखा. मागे ग्वेनच्या खुर्चीचा आवाजही येतो. तुझं आहे, म्हणून एकदाच ऐकलं आणि थांबले.

येत्या रविवारी चर्चनंतर मी तुला फोन करणार आहे. उचल. तू हॅलो म्हणालास की मी काही बोलणार नाही, आधी बटण दाबीन. "नेल्स, बाबा बोलतोय. फोन ठेवू नकोस." एवढंच आहे. पुढचं त्यांनी भरून ठेवलं नाही. ग्वेनने विचारलं होतं, पुढे काय? ते म्हणाले, पुढे तो काय म्हणतो त्यावर आहे.

तेव्हा पुढे त्यांच्याजवळ फक्त नेहमीचं आहे. कॉफी गार झाल्याचं, पाय वर घ्यायचं, हवामानाचं, बेव्हर्ली गेली का ते. तू बोल. त्यातलं जे बसेल ते मी दाबीन.

आई